विझलेल्या भट्टीची ऊब आणि तिचा हिशेब

अणुभट्टी बंद केली म्हणजे ती थंड झाली, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. चुलीत पाणी ओतले की निखारे विझतात. अणुइंधनाचे तसे नसते. युरेनियमचे विखंडन थांबले तरी त्यातून निर्माण झालेली शेकडो प्रकारची किरणोत्सर्गी अणुकेंद्रे आपापल्या गतीने क्षय पावत राहतात आणि प्रत्येक क्षयाबरोबर थोडी उष्णता बाहेर पडते. हीच क्षयोष्णता होय. भट्टी बंद होताक्षणी ती पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते. दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. आकडे क्षुल्लक वाटतात खरे. परंतु ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या; त्सुनामीच्या पाण्याने शीतन यंत्रणेची वीज तोडली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले, ते मुख्यतः याच उष्णतेमुळे.

ही ऊब पुढे कित्येक दशके टिकते. स्वीडनमध्ये ओस्कर्सहाम्नजवळ क्लाब येथे १९८५ पासून त्या देशातील वापरलेले इंधन जमिनीखालच्या जलकुंडांत ठेवले जाते. तेथून ते ५ सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पिंपांत भरून फोर्समार्क येथे सुमारे ५०० मीटर खोल खडकात पुरावयाचे आहे. त्या बांधकामास २०२५ मध्ये प्रारंभ झाला. पिंपाभोवती बेंटोनाइट चिकणमातीचे आवरण राहील. ही माती १०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापू नये, म्हणून एका पिंपातील उष्णता १७०० वॅटपर्यंतच असावी असे ठरविण्यात आले. पिंपात मोठे इंधन-जुडगे चार मावतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४२५ वॅट.

आता कोणते जुडगे किती वॅट देते, हे कळावे कसे? क्लाब येथे उष्णतामापक पात्रात जुडगे ठेवून पाण्याचे तापमान किती चढते ते पाहतात. पात्राबाहेर निसटणाऱ्या गॅमा किरणांचाही हिशेब त्यात मिळवावा लागतो. काम नाजूक आणि सावकाशीचे. जुडगी मात्र हजारो. त्यामुळे बहुतेकांची उष्णता गणितानेच काढावी लागते. त्या गणिताला कोणते अणुकेंद्र किती प्रमाणात निर्माण होते, त्याचे अर्धायुष्य किती आणि एका क्षयात किती ऊर्जा सुटते, हे आकडे पुरवावे लागतात. अमेरिका, युरोप व जपान येथे अशा आकड्यांचे संग्रह जपलेले आहेत. आकडा चुकला की गणित कितीही शुद्ध असो, उत्तर चुकणारच.

असे एकदा घडलेही. १९७७ मध्ये हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पँडेमोनियम' नावाचे एक काल्पनिक अणुकेंद्र मांडून दाखविले की, क्षयाच्या वेळी उच्च ऊर्जेच्या पातळ्यांतून निघणारे असंख्य क्षीण गॅमा किरण नेहमीच्या शोधकांच्या नजरेतून सुटतात. परिणामी गॅमा ऊर्जा कमी आणि बीटा ऊर्जा जास्त नोंदली जाते. हा दोष टाळण्यासाठी सर्व गॅमा किरण एकत्र शोषून घेणारा मोठा मापक वापरतात. फिनलंडमधील युवास्कुला येथे अशा मापकाने टेक्नेशियम, मॉलिब्डेनम व नायोबियम यांच्या काही समस्थानिकांची पुन्हा मोजणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्लुटोनियमच्या विखंडनानंतरच्या गॅमा उष्णतेत दीर्घकाळ आढळणारी तफावत बरीचशी मिटली.

ही दुरुस्ती भट्टी बंद झाल्यानंतरच्या सेकंद-मिनिटांपुरती महत्त्वाची आहे. जुन्या इंधनाचा प्रश्न निराळा. तेथे उष्णतेचा मोठा भाग सुमारे ३० वर्षे अर्धायुष्य असलेल्या सीझियम-१३७ व स्ट्राँशियम-९० यांचा असतो आणि त्यांचे आकडे भरवशाचे आहेत. अडचण आहे ती क्युरियम-२४४ ची. ते १८ वर्षांच्या अर्धायुष्याचे असून युरेनियमपासून प्लुटोनियम व अमेरिशियम अशा पायऱ्यांनी, एकामागून एक न्यूट्रॉन गिळून बनते. प्रत्येक पायरीवरील न्यूट्रॉन-ग्रहणाच्या आकड्यातील चूक पुढच्या पायरीवर जमा होते. इंधन भट्टीत जितके अधिक जळले असेल तितके हे क्युरियम झपाट्याने वाढते. म्हणून भट्टीच्या जुन्या नोंदवह्याही येथे तितक्याच मोलाच्या ठरतात.

क्लाबची मोजमापे व गणिताची उत्तरे सर्वसाधारणपणे दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळतात. १७०० वॅटचे दोन टक्के म्हणजे ३४ वॅट, जुन्या काचेच्या दिव्याइतकेही नव्हेत. तरी मर्यादेच्या काठावरील पिंपात चौथे जुडगे ठेवावे, त्याऐवजी अधिक निवलेले शोधावे, की ती जागा रिकामी सोडावी, याचा निर्णय तेवढ्या वॅटवर होतो.