हेडफोन लावला, तरी खालच्या घरात धप्प धप्प का?

प्रश्न : आमची मुलगी नववीत आहे. क्लासमध्ये ड्रम्स शिकते, आता घरी रियाजाला सेट हवा म्हणते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुकानदार म्हणतो, इलेक्ट्रॉनिक घ्या, हेडफोन लावला की शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही. तिचे सर म्हणतात, हात घडवायचा तर अकूस्टिकच हवा. कोणाचं ऐकावं?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : फ्लॅटमध्ये रोजच्या रियाजाला इलेक्ट्रॉनिकच घ्या. दुकानदाराचं शेवटचं वाक्य मात्र खरं नाही. त्यावर विसंबलात तर लवकरच सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येईल.

शेजाऱ्यांपर्यंत आवाज दोन वाटांनी पोचतो. एक हवेतून, दुसरी इमारतीच्या अंगातून. अकूस्टिक सेटचा मोठा त्रास पहिल्या वाटेचा. मनापासून वाजवलं की वाजवणाऱ्याच्या कानाशीच आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. सिंबलचा झणझणाट विटांची भिंत बऱ्यापैकी अडवते, पण बास ड्रमचा घुमारा ५० ते १०० हर्ट्झच्या आसपासचा. तो भिंतीला फारसा जुमानत नाही. भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. पैसे वाया घालवू नका. त्याने खोलीतला घुमणारा आवाज मरतो, बाहेर जाणारा नाही. आवाज अडवायला वजन लागतं : जाड भिंत, जड दार, बुजवलेल्या फटी. खोलीच्या आत दुसरी खोली बांधायची तयारी नसेल, तर फ्लॅटमधल्या अकूस्टिक सेटचा विचार सोडून द्यावा हे बरं.

इलेक्ट्रॉनिकमध्ये पहिली वाट जवळजवळ बंद होते, दुसरी उघडीच राहते. बास ड्रमच्या जागी एक उभं पॅड असतं. पेडल दाबलं की बीटर त्यावर आदळतो आणि तो ठोका स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो. आरसीसी इमारतीत स्लॅब, बीम आणि कॉलम एकमेकांत बांधलेले असतात, त्यामुळे खालच्या घराचं छतच वाजू लागतं. हाय-हॅटच्या पेडलचीही तीच गत. वाजवणाऱ्या मुलीच्या कानावर हेडफोन, तिला यातलं काहीच ऐकू येत नाही. खालच्यांना गाणं नाही, सूर नाही, नुसता पायाचा ठोका ऐकावा लागतो. तो अधिक छळतो.

सेट घरी आला की मॉड्यूल, म्हणजे आवाज तयार करणारी पेटी, बंद ठेवून मुलीला वाजवायला सांगा आणि स्वतः खालच्या घरात जाऊन उभे राहा. स्टिकचा आवाज बहुधा जाणवणारही नाही. पायाचे ठोके मात्र एकेक करून मोजता येतील.

यावर गोधडी किंवा पातळ रबरी मॅट पुरत नाही. ड्रमर मंडळींचा खात्रीचा उपाय म्हणजे टेनिस बॉलचा चौथरा. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे, पूर्ण सेट आणि स्टूल मावेल एवढे दोन थर घ्यायचे. खालच्या थराला चेंडूपेक्षा थोडी लहान भोकं पाडून साधारण फूट-फूट अंतरावर चेंडू बसवायचे. स्टुलाखाली आणि पेडलखाली जरा दाट. वर दुसरा थर, त्यावर जाजम. सुतार हे काम सहज करून देईल. चेंडू गल्ली क्रिकेटचे जड, टणक नकोत, लॉन टेनिसचेच हवेत. वजनाने ते थोडे दबावेत, सपाट होऊ नयेत. वरचा थर जेवढा जड, तेवढं चांगलं : मऊ स्प्रिंगवर जड वस्तू ठेवली की ती संथ डोलते आणि झटपट ठोके खाली पोचू देत नाही. चौथरा कुठेही भिंतीला टेकता कामा नये; टेकला की ठोक्याला नवी वाट मिळाली.

पॅड जाळीचेच घ्या, थोडे महाग पडले तरी. १९८१ साली सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठीचे षटकोनी पॅड आले, त्यांचं तोंड पॉलिकार्बोनेटचं होतं. ते इतके कडक की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखत. १९९७ मध्ये रोलंड कंपनीने आपल्या व्ही-ड्रम्स या इलेक्ट्रॉनिक सेटमध्ये रेमो कंपनीच्या साथीने जाळीचं तोंड आणलं आणि घरातल्या रियाजाचं चित्र बदललं. जाळी रबरी पॅडपेक्षा शांत आहे आणि हाताला सुसह्य.

कायद्याचं थोडक्यात : केंद्राच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. पण दुपारी दोन ते चार खालच्या घरात कोणी झोपतं का, हे नियमात लिहिलेलं नसतं. ते त्यांनाच विचारा, आणि सेट घ्यायच्या आधी विचारा.

आता सरांचं म्हणणं. ते अगदी बरोबर आहे. इलेक्ट्रॉनिकवर आवाज लहान-मोठा करायला बटण असतं, अकूस्टिकवर ते काम मनगटाला करावं लागतं. स्नेअरवरच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या घोस्ट नोट्स, राइड सिंबलवर स्टिकचं टोक लागलं की खांदा, यातला फरक खऱ्या ड्रमवर आणि धातूवरच कळतो. जाळी स्टिकला जरा जास्तच उसळी देते, म्हणून तिच्यावर सफाईदार वाटलेला रोल खऱ्या स्नेअरवर अडखळतो. पाच-सहा महिने फक्त इलेक्ट्रॉनिकवर काढलेले विद्यार्थी मंचावर बसले की पाय भलताच जोरात आणि डावा हात दबलेला, असं नेहमी दिसतं.

त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी तासावर मिळणारी जॅमरूम घ्या, किंवा क्लासचा खरा सेट तासभर मागून घ्या. बंद खोलीत आवाज फार चढतो, तेव्हा मुलीच्या कानात इअरप्लग हवेतच. घरी हेडफोनचा आवाजही मर्यादेत ठेवायला शिकवा. आणि सरांना एवढी विनंती करा की त्या तासात नवं काही न देता, आठवडाभर घरी बसवलेलंच वाजवून घ्यावं आणि हात कुठे जड पडतो ते तिथल्या तिथे दाखवावं.