टाकीला भोक चुकीच्या जागी पडले तर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या सायझिंग व प्रोसेस कारखान्यांत पाण्याची किंवा तेलाची पोलादी टाकी असतेच. ती घडवणारे फॅब्रिकेटर आणि वेल्डरही पुष्कळदा आपल्यातलेच. या कामात एक चूक वारंवार होते. पाईपचे किंवा मॅनहोलचे भोक गॅस कटरने कापून झाल्यावर कळते की जागा चुकली. कोणी उंची टाकीच्या तळाऐवजी जमिनीपासून मोजलेली असते, तर कोणी आतून खूण केल्याने डावे-उजवे उलटलेले असते.

मग कारागीर सोपा इलाज करतो. कापलेली चकती परत भोकात बसवून वेल्ड मारतो, ग्राइंडर फिरवतो, रंग लावतो. हा इलाज खोटा आहे. कापताना कड जळून गेल्यामुळे फट रुंद होते व ती धातूने भरावी लागते. वेल्ड थंड होताना आकसते, पण भोवतालचा पत्रा हलत नाही. लहान गोलावर चहूबाजूंनी ओढ बसून चकती वाकते, नाहीतर सांधा तडकतो. वरून ठिगळ मारले तर दोन पत्र्यांमधल्या फटीत ओल शिरून गंज धरतो. कापडाच्या भाषेत सांगायचे तर येथे ठिगळ नको, रफू हवा.

आधी हे पाहावे की भोक बुजवायची गरज आहे का. ते सांध्यापासून दूर असेल तर तेथे पाईपचा तुकडा, भोवती जाड पत्र्याची रिंग आणि तोंडाला ब्लाइंड फ्लँज बसवावी. माझ्या मते बहुतेक वेळा हेच स्वस्त आणि भक्कम. पुढे ते तोंड उपयोगीही पडते.

बुजवायचेच असेल तर भोक आणखी मोठे कापावे लागते. हे ऐकून मालक चिडतो, पण रीत तीच आहे. अमेरिकेच्या एपीआय 653 या नियमावलीत बदली पत्रा किमान 300 मि.मी. किंवा जाडीच्या 12 पट, यात जे जास्त असेल तेवढा सांगितला आहे. कोपरे गोल हवेत. पत्रा त्याच जातीचा, त्याच जाडीचा आणि टाकीच्या गोलाईत रोल केलेला असावा. वेल्ड आरपार भरलेले हवे. नवा सांधा जुन्या सांध्याला खेटून नको. भोक सांध्यावरच पडले असेल तर जाणत्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय कटर पेटवू नये.

ही नियमावली 1991 साली प्रथम निघाली. त्याआधी 2 जानेवारी 1988 रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील फ्लोरेफ येथे डिझेलची प्रचंड टाकी भरताना फाटली होती. जुन्या पत्र्यांतून ती पुन्हा उभारली होती. सांध्याजवळच्या एका छोट्या दोषापासून तडा सुरू झाला. डिझेल मोनोंगाहेला नदीत गेले आणि सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याची पंचाईत झाली. उभारणीनंतर टाकी पाण्याने पूर्ण भरून तपासलेली नव्हती.

आपल्या टाक्या लहान, पण हिशोब पाहा. सहा मीटर पाण्याखाली तळाजवळच्या 60 सें.मी. मॅनहोलवर सुमारे दीड टन जोर येतो. म्हणून दुरुस्तीनंतर टाकी पाण्याने काठोकाठ भरावी, रात्रभर ठेवावी, सांधे हाताने तपासावेत आणि मगच बिल चुकते करावे.

हे सारे नव्या, कोऱ्या टाकीबद्दल झाले. तेल भरलेली टाकी रिकामी केली तरी आत वाफ राहते. ती धुऊन, वारा देऊन, वायूची तपासणी होऊन लेखी परवाना हाती येईपर्यंत वेल्डरला आत पाठवू नये, मग तो घाई करो वा मालक.