बंदराची छोटी आगगाडी

आगगाडी म्हटली म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दूरदेशी धावणारी मेल उभी राहते. परंतु जी कोठेच दूर जात नाही, अशीही एक आगगाडी असते; आणि मोठ्या बंदराचे व्यवहार तिच्यावरच अवलंबून असतात. तिची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबई बंदराचा कारभार १८७३ साली पोर्ट ट्रस्टकडे आला व १८८० साली प्रिन्सेस गोदी उघडली. व्यापार वाढला, तरी गोदीतील पुष्कळसा माल रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत बैलगाड्यांनीच नेत असत. हा खोळंबा टाळण्यासाठी ट्रस्टने स्वतःचा लोहमार्ग बांधला. तो १ जानेवारी १९१५ रोजी सुरू झाला. बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत त्याची लांबी सुमारे सात मैलच होती.

त्याचे काम कसे चाले ते पाहू. आगबोटीतून उतरलेला माल धक्क्यावरच वाघिणींत भरीत. एक वाघीण नागपूरची, दुसरी अहमदाबादची, तिसरी सोलापूरची, अशी सरमिसळ असे. लहानसे एंजिन त्यांना पुढेमागे ढकली, सांधेवाला रूळ बदली, आणि एका दिशेच्या वाघिणी एका रांगेत येत. मग ती रांग जी. आय. पी. अथवा बी. बी. सी. आय. रेल्वेच्या स्वाधीन करीत. यालाच शंटिंग म्हणतात. गोदीतील मार्ग यांपैकी एकाच कंपनीच्या हाती असता, तर दुसरीच्या वाघिणी मागे राहण्याचे भय होते. तो बंदराचाच असल्याने त्याला दोन्ही सारख्या.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. वाघिणींची साखळी हाताने जोडावयाची असे, व त्यासाठी माणसास दोन वाघिणींच्या मध्ये शिरावे लागे. बावट्याची वा कंदिलाची खूण चुकली, एंजिन हातभर जरी अवेळी हलले, तरी प्राणाशी गाठ पडे. उतारूंना या माणसाचे नावही ठाऊक नसे.

बंदरातील माल लवकर हलणे किती अगत्याचे, हे १४ एप्रिल १९४४ रोजी दिसून आले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या आगबोटीचा स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली आणि टंचाईच्या त्या दिवसांत हजारो टन धान्य जळाले. धक्का ही वाट आहे, कोठार नव्हे.

१९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले. तेथे माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून येतो, आणि मुंबईच्या जुन्या रुळांवरील वर्दळ ओसरली आहे. तथापि नियम तोच राहिला आहे: हजारो मैलांचा समुद्र ओलांडून आलेला माल अखेरच्या दोन मैलांत अडला, तर साराच प्रवास व्यर्थ. पालकांनी मुलांस एखाद्या स्थानकाच्या पुलावरून शंटिंग अवश्य दाखवावे. ज्यांच्या श्रमावर आपल्या घरचे धान्य व कापड येते, त्यांची ओळख तेथे होईल.