सुईचे दुखणे आणि गार फवारा: कुणाला, केव्हा, किती?

सुई टोचली की दुखणारच, त्याचा एवढा काय बाऊ करायचा, असे आपल्याकडे मोठ्यांना समजावले जाते आणि लहानांना दटावले जाते. पण हे दुखणे सुई काढल्यावर संपत नाही. ते लक्षात राहते आणि पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढू देत नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. सुमारे १६ टक्के प्रौढ रुग्णांनी सुईच्या भीतीपोटी फ्लूची लस टाळली होती, असे त्यात दिसले. आपल्याकडे कुत्रे चावल्यानंतरच्या लशीबाबत हेच होते. पोटात इंजेक्शने घ्यायची ती जुनी लस भारतात २००५च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा लस घेऊन भागते. तरी ‘पोटातली चौदा’ ही धास्ती अजून गेलेली नाही, आणि तिच्यापायी जखमेवर चुना-हळद लावून दिवस घालवणारे लोक आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही. म्हणून सुईचे दुखणे कमी करणे हा रुग्णाचा लाड नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. त्यासाठी हल्ली काही दवाखान्यांत टोचण्याआधी कातडीवर गार फवारा मारतात. हा फवारा उपयोगी आहे, पण तो सर्वांसाठी नाही आणि सर्व सुयांसाठीही नाही.

तो काम कसा करतो, हे सातपाटीसारख्या मासेमारीच्या गावात फार फोड करून सांगावे लागत नाही. बर्फात हात घालून पापलेट निवडणाऱ्या बाईची बोटे थोड्याच वेळात बधिर होतात. काटा रुतला तरी तेव्हा कळत नाही, हात गरम झाले की मग ठणका लागतो. गारव्याने कातडीतल्या नसांकडून मेंदूकडे जाणारी दुखण्याची वर्दी मंदावते, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जेम्स अर्नॉट हे इंग्रज डॉक्टर बर्फ आणि मीठ एकत्र करून कातडी बधिर करत आणि मग शस्त्रक्रिया करत. १८६६ मध्ये बेंजामिन रिचर्डसन यांनी त्यासाठी ईथरचा फवारा काढला. आजच्या फवाऱ्यात बहुधा इथाइल क्लोराइड असते. हे द्रव्य सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे अंगावर पडताक्षणी उडून जाते आणि जाताना कातडीतली उष्णता ओढून नेते. बाटली साधारण १० ते २० सेंटिमीटर लांब धरून ४ ते १० सेकंद फवारा मारायचा, कातडी जराशी पांढरी दिसू लागली की थांबायचे आणि लगेच सुई टोचायची. बधिरपणा जेमतेम मिनिटभर टिकतो. फवारा मारून नर्स कागद भरायला बसली तर त्याचा काही उपयोग उरत नाही.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. शिरेत सलाइनची सुई लावताना गार फवाऱ्याचा किती फायदा होतो, याचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१६ मध्ये आला. त्यात ९ अभ्यास आणि १,०७० माणसे होती. दुखणे मोजायच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर फवाऱ्यामुळे सरासरी १२ मिलिमीटरच्या आसपास फरक पडला. म्हणजे दुखणे नाहीसे झाले नाही, कमी झाले. शीर पहिल्या प्रयत्नात सापडण्यावर फवाऱ्याचा वाईट परिणाम दिसला नाही. मात्र फवारा स्वतःच थोडा झोंबतो, हेही त्याच आढाव्यात नोंदवले आहे. लशीच्या बाबतीत कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी प्रौढांसाठी हा फवारा सुचवला, मुलांसाठी सुचवला नाही, कारण मुलांमध्ये फायदा स्पष्ट दिसत नव्हता. याचे कारण समजण्यासारखे आहे. झोंबणारा गारवा ही सुईच्या आधीची तयारी आहे, हे मोठ्या माणसाला पटवता येते. लहान मुलाच्या लेखी तो गारवा म्हणजे पहिला मार आणि सुई म्हणजे दुसरा. तेव्हा ‘बाळाच्या लशीला फवारा मारा’ असा आग्रह आईवडिलांनी धरू नये.

मग बाळांसाठी काय करायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच लस टोचताना दुखणे कमी कसे करावे, हे सांगितले आहे, आणि त्यातल्या बहुतेक उपायांना एक पैसाही लागत नाही. दीड महिन्याच्या बाळाला एकाच भेटीत दोन मांड्यांत आणि दंडात सुया टोचल्या जातात. त्याला पाठीवर झोपवून घट्ट दाबून धरू नये. आईने मांडीवर घ्यावे, टोचायच्या थोडे आधीपासून अंगावर पाजायला लागावे आणि टोचून झाल्यावरही पाजत राहावे. लस मांडीत किंवा दंडात टोचताना सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते पाहण्याची गरज नाही. त्याने सुई आत जास्त वेळ राहते आणि दुखणे वाढते. जी लस जास्त झोंबते ती शेवटी द्यावी. थोड्या मोठ्या मुलाला मांडीवर ताठ बसवावे आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे. ‘मुळीच दुखणार नाही’ असे खोटे त्याला सांगू नये. पुढच्या वेळी ते मूल तुमच्यावरही विश्वास ठेवणार नाही आणि नर्सवरही.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की, वादळवाऱ्यात समुद्रावर जाणाऱ्या माणसांना सुईचे कसले कौतुक? पण सोसण्याची ताकद असणे वेगळे आणि टाळता येणारे दुखणे सोसायला लावणे वेगळे. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. तो रास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीच्या दिवशी रांग लागते, तिथे प्रत्येकाला फवारा मारणे जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. ज्याला वारंवार रक्त द्यावे लागते, सलाइन लावावे लागते किंवा ज्याला सुईची खरोखर धास्ती आहे, अशा मोठ्या माणसासाठी तो राखून ठेवावा. बधिर करणाऱ्या मलमाला परिणाम दाखवायला तासभर लागतो, फवाऱ्याला काही सेकंद पुरतात. तिसरी शंका अशी की, थंडीने लशी खराब होतात, मग फवाऱ्याने लस वाया जाणार नाही का? काही लशी गोठल्या की निकामी होतात, पण तो धोका शीतपेटीतल्या बाटलीला असतो. फवारा कातडीचा वरचा थर मिनिटभर गार करतो, लस त्याच्या खाली ऊबदार स्नायूत जाते. बीसीजीसारखी कातडीतच द्यायची लस असेल, तिथे मात्र फवारा वापरू नये.

काही गोष्टी मात्र निक्षून सांगायला हव्यात. कबड्डीच्या मैदानावर मुरगळलेल्या पायावर मारतात तो दुखण्याचा स्प्रे वेगळा. त्यात वेदनाशामक औषधे आणि मेंथॉल असते, सुईआधी तो वापरायचा नाही. मासळीच्या पेटीतला बर्फ कातडीवर फिरवून सुई टोचून घेऊ नये. तो बर्फ मासळीसाठी असतो आणि त्यातले जंतू सुईच्या भोकातून आत जाऊ शकतात. घरचा स्वच्छ बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा वेळ धरला तर चालतो. उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ, तोंडात फवारा मारू नये. शिंगाळा माशाचा विषारी काटा लागला असेल तर तिथे गारवा नकोच. त्या विषावर सोसवेल इतक्या गरम पाण्याचा उतारा आहे, धनुर्वाताचे इंजेक्शन त्यानंतर दंडात घ्यावे. मधुमेहाने हातापायांची जाणीव गेली असेल किंवा थंडीने बोटे पांढरी पडत असतील, तर फवारा टाळावा. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी पाड्यांवर, सिकलसेलचे रुग्ण आहेत. थंडीने त्यांचा त्रास उसळू शकतो, म्हणून त्यांनी आजार आधी सांगावा. इथाइल क्लोराइड पेट घेते. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, पण होडीवरच्या चुलीजवळही ते नेऊ नये. त्याची वाफ हुंगणे धोक्याचे आहे, म्हणून बाटली दवाखान्यातच असावी, घरी आणून ठेवू नये. सुई पाहताच ज्यांना भोवळ येते त्यांची भोवळ फवाऱ्याने थांबत नाही. त्यांनी आडवे होऊनच इंजेक्शन घ्यावे.

पुढच्या वेळी इंजेक्शन घ्यायला जाल तेव्हा दुखण्याची भीती वाटते हे डॉक्टरांना किंवा नर्सला मोकळेपणाने सांगा, त्यात कमीपणा नाही. मोठ्या माणसासाठी फवारा आहे का, हे विचारा. नसेल तर आडून बसू नका, हात सैल सोडा, संथ श्वास घ्या आणि सुई घ्या. बाळाला पाजत पाजत लस द्यायची असेल तर नर्सला आधी सांगा. आणि एक लक्षात ठेवा, फवारा असो वा नसो, कुत्रे चावल्यानंतरची लस आणि बाळाची लस ठरल्या तारखेलाच झाली पाहिजे.