मास स्पेक्ट्रोमीटर घेण्याआधी

सांगली

चि. मृण्मयी,



अनुदान मंजूर झाल्याचं कळलं. पेढे पोचले, आता माझी कटकट ऐकून घे.

ट्रिपल क्वाड्रुपोल घ्यावा की हाय रिझोल्यूशन, यावरून विभागात दोन तट पडलेत म्हणतेस. तुम्हाला या यंत्राला विचारायचंय काय, हे आधी कागदावर लिहून काढलंत का? 2010 साली युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले, ते क्लोरमेक्वाटमुळे. तासगावचे बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. यादीतला रेणू अब्जात एक भाग असला तरी ट्रिपल क्वाड त्याला पकडतो, पण यादीबाहेरचा समोरून गेला तरी दखल घेत नाही. हाय रिझोल्यूशनवाला टाइम-ऑफ-फ्लाइट सगळ्यांची नोंद ठेवतो. शंका आली की जुनी फाइल उघडता येते. मात्र सीसीसी साध्या सी-18 कॉलमवर थांबतच नाही, मीठ-साखरेबरोबर सुरुवातीलाच वाहून जातं. तेव्हा नुसतं महाग यंत्र घेऊनही ते निसटायची भीती होतीच. कॉलम निवडणारं माणूस लागतं.

कंपनीवाले माहितीपत्रकात रिझर्पिनचा आकडा दाखवतील: 609 चा पीक, सिग्नल-टू-नॉइज अमुक लाख. आपल्या सर्पगंधेतलं हे अल्कलॉइड, पण कंपनीच्या चाचणीत ते शुद्ध द्रावकात पोहत असतं. तुमची सॅम्पलं तशी नसणार. डेमोला स्वतःचं सॅम्पल न्या, चांगलं गढूळ, आणि तेच पन्नास वेळा सलग इंजेक्ट करायला सांगा. पहिल्या आणि पन्नासाव्या पीकची उंची शेजारी ठेवलीत की माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही.

मार्चअखेर पैसे खर्च करायचे म्हणून घाई होणार, ठाऊक आहे. तरी नायट्रोजन जनरेटर, यूपीएस, एसी आणि निदान पाच वर्षांचा देखभाल करार (सीएमसी) यांशिवाय टेंडर काढू नका. अनुदान यंत्राला मिळतं. पंपाच्या तेलाला पुढे कोणी विचारत नाही. व्हॅक्यूम रात्रंदिवस चालू राहावं लागतं. मी होतो तिथे गणपतीच्या सुट्टीत वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन वर्षांत कोणी तपासल्या नव्हत्या. त्यात मीही आलो. टर्बो पंप बदलायला सात महिने लागले आणि तेवढ्यात दोन मुलींच्या पीएचडीचं वर्ष गेलं. त्यांच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटायची.

नंतर दुसरंच टोक गाठलं गेलं. यंत्र दुरुस्त झालं आणि कुलुपात गेलं. मुलांनी व्हायल खिडकीतून द्यायची, प्रिंट खिडकीतूनच घ्यायची. एमएस्सी झालेल्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत आयन सोर्स कसा साफ करतात विचारलं, तर बिचारा गप्प. त्यानं तो पाहिलाच नव्हता!

तू असं होऊ देऊ नकोस. पहिल्याच आठवड्यात मुलांना कँटीनचा चहा गाळून, हजारपट पातळ करून इंजेक्ट करू दे. कॅफिनचा 195 दिसेल, तोडला की 138. रेणूचे तुकडे होतात म्हणजे काय, हे फळ्यावर मी तीस वर्षं शिकवलं. चहानं ते पाच मिनिटांत होतं. डिटर्जंटनं धुतलेली बाटली वापरली की 44-44 च्या अंतरानं पीकची शिडी उभी राहील, तीही पाहू दे. फॉस्फेट बफर मात्र दाराबाहेर. त्याचं मीठ सोर्समध्ये साचतं. बाकीच्या चुकांना फार भिऊ नकोस. तानाकांनी कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं आणि टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून तेच वापरून पाहिलं. त्यांच्या 2002 च्या नोबेलची सुरुवात तिथली.

डेमोची तारीख ठरली की कळव. तासगावहून दोन घड पाठवतो, एक धुतलेला आणि एक बागेतून जसा उतरवला तसा. कोणता कोणता ते कंपनीवाल्यांना सांगू नकोस.

तुझे,
सर