पुढच्या वर्षी पाहू

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी शिकागो नावाचे मोठे शहर वसले आहे. त्याच्या उत्तर भागात, दाट वस्तीच्या मधोमध, रिग्ली फील्ड हे जुने क्रीडांगण आहे. ते १९१४ साली बांधले गेले. मैदानाच्या कडेची विटांची भिंत उन्हाळ्यात हिरव्यागार वेलींनी झाकून जाते. कधी कधी चेंडूच त्या पानांत हरवतो. धावफलकावरील आकडे आजही माणसे हाताने बदलतात. सामना संपला की वर निशाण चढते. पांढऱ्या निशाणावर निळे अक्षर असेल तर जीत, निळ्यावर पांढरे असेल तर हार. जवळून उंच खांबांवरील रुळांवरून जाणाऱ्या गाडीतील उतारूंना दुरूनच निकाल कळावा, अशी ही सोय.

हे मैदान ‘शिकागो कब्स’ या बेसबॉल संघाचे. कब म्हणजे अस्वलाचे पिल्लू. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गडी. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने तो दांडूने टोलवावा, आणि तीन ठाणी ओलांडून मूळ जागी परतला की एक धाव. मात्र हा खेळ हंगामात जवळजवळ रोज चालतो. प्रत्येक संघाच्या वाट्याला वर्षाला १६२ सामने येतात. त्यामुळे आपल्या संघाची हारजीत ही सणासुदीची गोष्ट राहत नाही. दूधवाल्याच्या हाळीसारखी ती रोज दारात येते.

कब्सच्या चाहत्यांच्या दारात बहुधा हारच येई. १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षे या संघाने वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली. मग यश जे रुसले ते रुसलेच. १९४५ साली तो अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला, पण डेट्रॉइटच्या संघाने त्याला हरवले. त्याच मालिकेच्या वेळी एका खानावळवाल्याला त्याच्या बोकडासह मैदानाबाहेर काढले आणि त्याने संघाला शाप दिला, अशी कथा पुढे लोक रंगवून सांगू लागले. बोकडाला दोष देणे सोपे; पण १९६२ आणि १९६६ या दोन्ही वर्षी संघाने १०३ सामने गमावले, ते काही बोकडाने गमावले नाहीत.

तरीही लोक मैदानावर येत राहिले. रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. सामने दिवसाउजेडी होत. शाळा सुटली की मुले धावत घरी जात आणि शेवटचे डाव तरी गाठीत. वडील मुलाला, आजी नातीला आपला संघ देऊन जाई. घराण्यात जुने भांडे चालत यावे तशी ही निष्ठा चालत आली. हंगाम संपला की सारे म्हणत, “पुढच्या वर्षी पाहू!”

या संघात अर्नी बँक्स नावाचा थोर खेळाडू होता. १९५३ साली तो आला, तो कब्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५८ आणि १९५९ साली तो आपल्या लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. अडीच हजारांहून अधिक सामने तो खेळला. पण साखळी सामन्यांनंतरच्या निर्णायक मालिकेत उतरण्याची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. तरी, दिवस छान आहे, आज एकाऐवजी दोन सामने खेळू, असे तो आनंदाने म्हणे. २०१५ च्या जानेवारीत तो निवर्तला.

निष्ठा नेहमीच सुंदर दिसते असे मात्र नाही. २००३ साली संघ अंतिम मालिकेपासून अवघे पाच गडी दूर होता. तेवढ्यात कडेला आलेला चेंडू झेलण्यासाठी काही प्रेक्षकांनी हात पुढे केले. त्यांतील एकाचा हात चेंडूला लागला आणि झेल हुकला. पुढे खेळाडूंच्या हातूनही चुका झाल्या, त्या डावात प्रतिपक्षाने आठ धावा काढल्या. पण सारा राग त्या एकट्या प्रेक्षकावर निघाला. त्याला पहाऱ्यात बाहेर न्यावे लागले. तोही कब्सचाच चाहता होता!

अखेर २०१६ साल उजाडले. अंतिम मालिकेत क्लीव्हलँडचा संघ ३-१ असा पुढे होता. कब्सने पुढचे दोन्ही सामने जिंकून बरोबरी साधली. २ नोव्हेंबरच्या रात्री, क्लीव्हलँडच्याच मैदानावर, सातव्या सामन्याचे नऊ डाव ६-६ असे सुटले. इतक्यात पाऊस आला! सतरा मिनिटे खेळ थांबला. मग दहाव्या डावात कब्सने दोन धावा काढल्या, क्लीव्हलँडला एकच काढता आली. १०८ वर्षांनी अजिंक्यपद परत आले. त्या रात्री क्लीव्हलँडची माणसे मान खाली घालून घरी गेली. त्यांचे शेवटचे अजिंक्यपद १९४८ सालचे होते.

शिकागोत जल्लोष झाला, फटाके उडाले, मिरवणूक निघाली. पण त्याच दिवसांत रिग्ली फील्डच्या बाहेरच्या भिंतीपाशी निराळेच दृश्य दिसत होते. लोक रंगीत खडू घेऊन येत आणि विटांवर नावे लिहीत. ती खेळाडूंची नावे नव्हती. हा दिवस न पाहताच गेलेले वडील, आई, आजोबा, थोरला भाऊ, यांची ती नावे होती. पाहता पाहता भिंत भरून गेली. नाव लिहून झाले की कोणी क्षणभर तेथे उभे राही, आणि खडू पुढच्याच्या हातात देई.