खर्रा 'खाऊ' नका!

जर्मन भाषेत 'काउएन' हे नेहमीच्या वापरातले क्रियापद आहे. अर्थ चावणे. पाव चावला तरी काउएन, तंबाखू चघळली तरी काउएन. आपली मराठी अधिक चोखंदळ. घास आपण चावतो, खडीसाखर चघळतो. चावलेला घास लाळेत मिसळून पोटात जातो. चघळलेली वस्तू तोंडातच मुक्काम करते. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा मात्र 'खातात'. फसगत इथेच होते. खाण्याच्या वस्तूची भीती कोणाला वाटणार?

पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू व चुना म्हणजे खर्रा. हे अन्न नव्हे. तंबाखूतील निकोटीन सवय जडवते. सुपारीतील अ‍ॅरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचतात आणि गाल ताठ होतो. "तंबाखू सोडली जी, आता नुसती सुपारी खातो," असे रुग्ण मला मोठ्या समाधानाने सांगतात. त्यांना सांगावे लागते, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

वाचकहो, आज एक साधी परीक्षा घ्या. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा. स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये उभी घाला. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर दंतवैद्यांना दाखवा. तिखटाने होणारी आग, गालावरचे पांढरे चट्टे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, ही लक्षणेही अंगावर काढू नका. आखडलेले तोंड पूर्ववत होणे कठीण असते. खर्रा सोडून वेळीच उपचार घेतले, तर दुखणे आटोक्यात राहू शकते.

राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली. गडचिरोलीत २०१६ साली 'सर्च' संस्था, शासन व टाटा ट्रस्ट यांनी दारू-तंबाखूविरोधात 'मुक्तिपथ' सुरू केले. पण पुडी उघडणारा हात आपलाच असतो. तलफ आली की पाणी प्या, भाजलेले चणे चावा, दहा मिनिटे थांबा, तलफ ओसरते. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मिळतो.

दात चावण्यासाठी आहेत. त्यांना भाकर द्या, चणे द्या. खर्रा 'खाणे' हा शब्द मात्र घरातून आजच काढून टाका.